काळी माती, खारे पाणी आणि शिकाऊ हात

चाके, भट्टी, माती भिजवण्याच्या टाक्या, वाळवणीच्या फळ्या आणि झिलईचे डबे अशी सगळी सामग्री एका छपराखाली ठेवून ती शुल्क भरणाऱ्या अनेकांना आळीपाळीने वापरू देणारी सामुदायिक मातीकाम कार्यशाळा ही जगाच्या दृष्टीने शंभर-सव्वाशे वर्षांची आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून बरीच अलीकडची व्यवस्था आहे. न्यूयॉर्कमधील ग्रिनिच हाउस या सेवासंस्थेने १९०९ साली आपल्या वस्तीतील लोकांसाठी मातीकामाची शाळा सुरू केली आणि १९२० साली बर्नार्ड लीच व शोजी हामादा यांनी इंग्लंडच्या सेंट आइव्ह्ज या किनाऱ्यावरच्या गावी भट्टी उभारली. पहिल्या उपक्रमाने हे काम पिढीजात कुंभार नसलेल्यांसाठी खुले केले, तर दुसऱ्याने ‘स्टुडिओ पॉटरी’ला, म्हणजे माती कालवण्यापासून भाजणीपर्यंतचे सारे काम कारखान्यातील श्रमविभागणीशिवाय एकाच व्यक्तीने किंवा लहानशा गटाने करण्याच्या पद्धतीला, कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. पुण्या-मुंबईत आज आठवड्यातून एक-दोनदा भरणारे जे वर्ग दिसतात, ते याच दोन प्रवाहांच्या संगमावर उभे आहेत.

अशा वर्गात नाव नोंदवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा फिरते चाक असते, परंतु एका भांड्याच्या जन्मकथेत चाकाचा वाटा काही मिनिटांचा असतो आणि उरलेले दिवस माती तयार करणे, वाळू देणे, खरडणे, भाजणे व पुन्हा भाजणे यांत जातात. शहरी वर्गात यांतील पहिला टप्पा जवळजवळ अदृश्य झालेला आहे, कारण माती गाळून, मळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन पुरवठादाराकडून येते आणि ती भांड्याला का चालते हा प्रश्न शिकाऊला पडतच नाही. ही सोय आहे खरी, पण या सोयीपायी अर्धी विद्या वर्गाबाहेर राहते. ही अर्धी विद्या कोणती, हे पाहण्यासाठी पिशवीतील मातीची सवय नसलेला मुलूख निवडणे बरे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा संग्रामपूर तालुका त्यासाठी फार योग्य आहे, कारण तेथील जमीन कापसाला जितकी मानवते तितकीच कुंभाराची परीक्षा पाहते.

उत्तरेस सातपुड्याचा पायथा व अंबाबरवा अभयारण्याचे जंगल, दक्षिणेस पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा, आणि मधल्या सपाटीवर नद्या-नाल्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर, अशी या तालुक्याची रचना आहे. गाळाच्या खाली दख्खनच्या लाव्हाचा काळा पत्थर आहे आणि वरची काळी माती याच प्रकारच्या पत्थराच्या झिजेतून बनलेली आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असून पाणी या पापुद्र्यांच्या मधोमध शिरते, त्यामुळे माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चिनी मातीचे मुख्य खनिज जे केओलिनाइट, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी असे शिरत नाही, म्हणून ती माती कमी चिकट पण अधिक विश्वासू असते. ज्या गुणामुळे काळी जमीन ओल धरून कपाशीचे पीक पावसानंतरही जगवते, त्याच गुणामुळे तिच्यापासून घडवलेला घडा वाळताना तडकतो. शेतकऱ्याचे आणि कुंभाराचे हित एकाच मातीत असे आमनेसामने उभे राहते.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. या मातीत चुनखडीचे बारीक खडे विखुरलेले असतात. चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सुमारे ७०० ते ९०० अंश सेल्सियसच्या दरम्यान कर्बवायू सोडून कळीचा चुना बनते. भांडे थंड झाल्यावर हा चुना हवेतील दमटपणा ओढून घेतो, फुगतो आणि वरचा मातीचा पापुद्रा उडवून लावतो. भट्टीतून धडधाकट निघालेल्या भांड्यावर काही दिवसांनी पांढऱ्या टिकलीसह खपल्या निघू लागतात त्याचे कारण हेच असते आणि शिकाऊ मात्र आपल्या हातात दोष शोधत बसतो. तिसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांचा जो भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, त्यात संग्रामपूरही मोडते. विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी खारट असल्यामुळे माणसांच्या आरोग्याचे गंभीर प्रश्न तेथे निर्माण झालेले आहेत, आणि त्यांच्यापुढे कुंभारकामाची तक्रार क्षुल्लकच ठरते. तरीही नोंदवण्याजोगी बाब अशी की मातीत कालवलेल्या पाण्यातील क्षार वाळताना पृष्ठभागाकडे सरकतात आणि भिंतीला लोणा लागावा तसा पांढुरका थर भांड्यावर उमटतो. गंमत म्हणजे मातीत थोडे मीठ असले तर चुन्याच्या खड्यांमुळे होणारी पडझड कमी होते, हे कुंभारकामाच्या अभ्यासकांनी जगभर अनेक ठिकाणी नोंदवले आहे. एका दोषाने दुसऱ्याला आवर घालावा असा हा व्यवहार आहे.

इतक्या प्रतिकूल मातीत उत्तम भाजकाम होऊ शकते याचा पुरावा याच तालुक्यात, पूर्णाकाठच्या भोन येथे, जमिनीखालून निघालेला आहे. विद्यमान शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले आणि मौर्य-सातवाहन काळातील, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या नगरवस्तीचे अवशेष, विटांच्या स्तूपाचा पाया आणि मोठ्या संख्येने कड्यांच्या विहिरी उजेडात आणल्या. कड्यांची विहीर म्हणजे भाजलेल्या मातीची रुंद गोल कडी एकावर एक रचून बांधलेला अरुंद कूप. भुसभुशीत गाळात खोदलेला खड्डा आत ढासळू नये म्हणून ही कडी अस्तरासारखी बसवीत आणि अशा कूपांचा उपयोग पाण्यासाठी, तर काही ठिकाणी सांडपाणी जिरवण्यासाठी होई. भोनच्या कड्यांचे महत्त्व पुरातत्त्वाइतकेच तंत्राच्या अंगानेही आहे, कारण नुसत्या काळ्या मातीचे एवढे मोठे कडे वाळण्याआधीच फाटले असते. ते अखंड भाजून निघाले याचा अर्थ मातीची निवड, तिच्यातील मिसळ आणि वाळवण या तिन्ही गोष्टी तेथील कारागिरांना नेमक्या साधल्या होत्या. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात हे स्थळ येत असल्यामुळे त्याच्या जतनाचा प्रश्न पुढे अनेकदा चर्चेत आला.

विदर्भातील त्या काळाच्या वस्त्यांवर काळी-तांबडी भांडी ओळखीची आहेत. त्यांचा आतला भाग व काठ काळा आणि बाहेरचे अंग तांबडे असते, आणि हा दुरंगीपणा रंगाने काढलेला नसून आगीने काढलेला आहे. मातीतील लोहाला भाजताना भरपूर प्राणवायू मिळाला तर त्याचे तांबडे ऑक्साइड बनते, प्राणवायू तुटला तर लोह काळसर अवस्थेत राहते आणि धुराचा कर्बही मातीत मुरतो. भांडे पालथे घालून त्याचे तोंड राखेत वा भुशात दाबले की आतली बाजू गुदमरते व बाहेरची मोकळी राहते, असे या भांड्यांचे सर्वसाधारणपणे मान्य झालेले स्पष्टीकरण आहे. आधुनिक कार्यशाळेत ‘ऑक्सिडेशन’ व ‘रिडक्शन’ या नावांनी जो धडा बऱ्याच उशिरा दिला जातो, तो वऱ्हाडच्या खापरांवर असा उघड लिहिलेला आहे.

वर्गाचा पहिला दिवस म्हणूनच चाकापाशी न घालवता नाल्याकाठी घालवावा. काचेच्या बरणीत मूठभर माती व पाणी घालून, हलवून ठेवले की जड वाळू तळाला, त्यावर पोयटा आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर बसतात व मातीत काय किती आहे याचा अंदाज येतो. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाकले आणि ते फसफसले तर चुनखडी आहे असे समजावे. बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळली असता फाटली तर माती उणी, न फाटता चिकटून बसली तर माती तेलकट, म्हणजे अती चिकट. शेवटची कसोटी आकसण्याची: मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारायची, ती वाळवून भाजायची आणि रेघ पुन्हा मोजायची. या कसोट्यांना प्रयोगशाळा लागत नाही आणि त्यांतून मिळणारे ज्ञान कोणत्याही पिशवीवर छापलेले नसते.

गावातील कुंभार हे सगळे रेघ न मारताच जाणतो. तो शेतातील निखळ काळी माती सहसा घेत नाही. तळ्याचा, नाल्याचा किंवा नदीच्या वळणावर साचलेला गाळ निवडतो, ज्यात पोयटा आणि बारीक वाळू निसर्गानेच मिसळलेली असते, आणि त्यात राख, घोड्याची किंवा गाढवाची लीद, भुसा अशी जिन्नस घालतो. या मिसळीचे दोन उपयोग आहेत: ओल्या मातीत ती बारीक वाटा मोकळ्या ठेवते, त्यामुळे आतले पाणी सावकाश व सारखे बाहेर पडते, आणि भाजताना लीद-भुसा जळून गेल्यावर जी सूक्ष्म छिद्रे उरतात, त्यांमुळे भांडे तापण्या-निवण्याचा धक्का सहन करते. भिजवलेली माती पायांनी तुडवणे, खडे वेचणे, पुन्हा तुडवणे हे काम दिवसचे दिवस चालते. शहरी कार्यशाळेत त्याची जागा हाताने मळण्याने घेतली आहे, आणि येथे नवशिक्याची, विशेषतः स्वयंपाकघरातील सराव असलेल्याची, एक ठरलेली चूक होते: कणीक मळताना घडी घातली तरी चालते, मातीत मात्र घडीबरोबर हवा कोंडली जाते आणि तीच हवा चाकावर भिंतीत फोडासारखी आडवी येते, म्हणून मातीचा गोळा दाबत, फिरवत, पण घडी न घालता मळावा लागतो.

चाकाच्या आधी हातघडणी शिकवण्याची बहुतेक चांगल्या वर्गांची रीत आहे. गोळ्यात अंगठा रोवून चिमटीने भिंत पातळ करत नेणे, मातीच्या लांब वळ्या एकावर एक चढवून त्या आतून-बाहेरून सांधणे, आणि लाटलेल्या पट्ट्या कापून त्या मातीच्याच पातळ कालवणाने, ज्याला स्लिप म्हणतात, जोडणे, या तीन पद्धती जगातील जवळजवळ प्रत्येक संस्कृतीला चाकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होत्या. रांजणासारखी मोठी भांडी आजही निव्वळ चाकावर पुरी होत नाहीत. चाकावर जाड बुडाचा आकार काढून घेतल्यावर तो थोडा आवळू देतात, मग आतून दगडी किंवा मातीचा गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत भिंत पातळ करतात व घेर वाढवतात. हे ठोकणे नुसते आकारासाठी नसते. त्याने मातीचे कण दाबले जाऊन भिंत घट्ट होते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी पारखल्याची आणि नामदेवांना कच्चे ठरवल्याची जी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते, तिच्या मुळाशी या धंद्यातील रोजचा व्यवहार आहे, कारण नीट भाजलेले, बिनतड्याचे मडके ठोकले असता खणखणते आणि कच्चे किंवा तडकलेले मडके बद्द वाजते.

चाकावरचा पहिला आणि सर्वांत चिवट धडा म्हणजे मध्य साधणे. गोळा चाकाच्या अक्षाशी तंतोतंत जुळला नाही, तर एका बाजूची भिंत जाड व दुसरी पातळ होते आणि उंची वाढू लागताच भांडे डुलते. नवशिका मनगटाच्या जोराने गोळ्याशी झुंजतो, तर जाणता कारागीर कोपर मांडीवर किंवा बरगडीशी टेकवून हात स्थिर करतो आणि गोळ्यालाच हाताभोवती जुळवून घ्यायला लावतो. त्यानंतर गोळा उघडणे, बूड दाबणे आणि दोन्ही हातांच्या बोटांमध्ये भिंत धरून ती खालून वर ओढणे असा क्रम येतो. गावचे परंपरागत चाक दगडाचे, लाकडाचे किंवा सिमेंटचे, जड आणि जमिनीलगत असते. काठावरच्या खाचेत दांडा घालून ते एकदा जोराने फिरवले की त्याच्या वजनामुळे गती बराच वेळ टिकते, मात्र ती सतत उतरत जाते आणि त्या उतरत्या गतीच्या आत काम आवरावे लागते. विजेचे चाक पायाखालच्या कळीने हवी ती गती हवा तेवढा वेळ देते. शिकणाऱ्याला विजेचे चाक सोपे पडते यात शंका नाही, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमातून अशी चाके प्रशिक्षणासह अनेक कुंभार कुटुंबांपर्यंत गेलेली आहेत. पण दांड्याच्या चाकावर शिकलेल्याच्या हाताला जी किफायत असते, म्हणजे कमी हालचालीत आकार काढण्याची जी सवय असते, ती विजेच्या चाकावर आपोआप येत नाही.

चाकावरून उतरलेले भांडे ओले असते आणि पुढील काही दिवस ते सावकाश वाळवणे हेच मुख्य काम असते. अर्धवट वाळून चामड्यासारखे झाले की ते पालथे घालून बुडाची जास्तीची माती खरडतात, कान किंवा मूठ जोडायची ती याच अवस्थेत, कारण ओल्याला कोरडे जोडले तर आकसण्याच्या फरकाने सांधा सुटतो. आकसण्याचे गणित शिकाऊंना हमखास चकवते. कार्यशाळेतील सामान्य माती ओलेपणापासून पक्क्या भाजणीपर्यंत लांबीत दहा-बारा टक्के घटते. हे ऐकायला थोडे वाटते, पण घट लांबी, रुंदी व उंची या तिन्हींत होत असल्याने १२ टक्के घटीत भांड्यात मावणारे प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होते आणि ओले असताना ३०० मिलिलिटर मावणारा पेला भट्टीतून २०० मिलिलिटरच्या आसपास होऊन बाहेर येतो. मॉन्टमोरिलोनाइटने भरलेली माती यापेक्षाही जास्त आकसते. म्हणूनच तिला मिसळ लागते.

भाजणीत माती दगडसदृश पदार्थात बदलते आणि हा बदल परतीचा नाही. १०० अंशांच्या आसपास उरलेली ओल वाफ होऊन जाते, आणि येथे घाई झाली तर वाफेच्या दाबाने भांडे अक्षरशः फुटते. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते, आणि त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. ५७३ अंशांवर वाळूतील क्वार्ट्झ आपली रचना बदलतो व किंचित प्रसरण पावतो, म्हणून या टप्प्यावर तापमान चढताना आणि उतरताना सावकाशी बाळगतात. कुंभाराचा आवा, म्हणजे मडकी व इंधन यांचे थर रचून वरून राख, खापरे आणि चिखल यांनी झाकलेली भट्टी, साधारणपणे ६०० ते ८५० अंशांपर्यंत जाते. गोवऱ्या हे तिचे मुख्य इंधन असते आणि कापूसपट्ट्यात तिच्या जोडीला पऱ्हाट्या व तुराट्या सहज मिळतात. चुनखडीचा दोष जेथे उग्र होतो त्या तापमानाच्या उंबरठ्यावरच हा आवा थांबतो, आणि आगीचे हे कमीपण या मातीच्या पथ्यावर पडते. हीच माती कार्यशाळेतील विजेच्या भट्टीत १००० अंशांवर नेली तर पूर्वी न दिसलेला चुना उठून दिसू लागतो; त्यावर माती बारीक चाळणीतून गाळणे किंवा भाजलेले भांडे निवताच पाण्यात बुडवून ठेवणे हे उपाय करतात.

शहरी वर्गात भाजणी दोनदा होते. पहिली ९०० ते १००० अंशांच्या सुमारास, ज्यात भांडे टणक पण सच्छिद्र राहते, आणि दुसरी झिलईची. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच: वाळूतील सिलिका ही मूळ काच, तिचा वितळणबिंदू खाली आणणारे फेल्डस्पार, टाकणखार यांसारखे द्रावक, आणि वितळलेली काच ओघळू नये म्हणून चिकणमातीतून येणारी अ‍ॅल्युमिना. लोह, तांबे व कोबाल्ट यांची ऑक्साइडे तिला रंग देतात. उष्णता नेमकी किती पोहोचली हे कळण्यासाठी ठरावीक मिश्रणाचे लहान शंकू भट्टीत उभे करतात, जे आपापल्या उष्णतेला वाकतात. ही युक्ती हेर्मान झेगर यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये रूढ केली आणि तापमापके आली तरी ती टिकून आहे. महाराष्ट्रात झिलईदार कलाभांड्यांचा आधुनिक प्रयोग मुंबईच्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली सिंधी कुंभारांच्या तंत्राशी सांगड घालून जी भांडी बनली, त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृतिबंध उतरले. बुलढाण्याच्या वेशीलगतच्या लेण्यांतील नक्षी मुंबईच्या भांड्यांवर गेली, पण ते तंत्र उलट वाटेने वऱ्हाडात आले नाही. पुढे पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी युरोपात शिकून आल्यावर भारतीय खनिजांवर झिलईचे प्रदीर्घ प्रयोग केले आणि ते कुंभारांसाठीच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकात खुले केले. पाककृती गुप्त ठेवण्याच्या धंद्यात ही मोठी उदारता होय. शिकाऊने येथे एकच पथ्य कटाक्षाने पाळावे: शिसेयुक्त चकचकीत झिलई खाण्यापिण्याच्या भांड्यांवर कधीही वापरू नये, कारण लिंबू, चिंच, दही यांच्या आंबटपणाने शिसे अन्नात उतरते.

झिलईदार, पाणी न झिरपणारे स्टोनवेअर, म्हणजे १२०० अंशांच्या वर भाजून जवळजवळ काचेइतके घट्ट झालेले भांडे, हे वर्गातील शिडीची वरची पायरी मानले जाते आणि साध्या तांबड्या मडक्याला खालची पायरी मिळते. वऱ्हाडच्या वैशाखात ही उतरंड टिकत नाही. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता ओढून नेते, तर एक ग्रॅम पाणी एका अंशाने निववायला ४.२ ज्यूल पुरतात. बाहेरून उष्णता आली नाही असे धरले तर माठातील शंभरातला एक भाग उडून गेला तरी उरलेले पाणी साधारण पावणेसहा अंशांनी उतरते. हवा जितकी कोरडी तितके हे काम जोरात चालते, म्हणून कोकणापेक्षा वऱ्हाडात माठाचे पाणी अधिक गार लागते. स्टोनवेअरच्या भांड्याला यातले काही जमत नाही. खारपाणपट्ट्यात मात्र माठालाही आयुष्याची मर्यादा पडते: झिरपलेले पाणी उडून जाते, क्षार छिद्रांत साठत राहतात, बाहेरून पांढरी पुटे चढतात आणि काही काळाने माठ निववेनासा होतो.

या विद्येचे पद्धतशीर शिक्षण देण्याचे प्रयत्न मराठी मुलुखात आणि त्याच्या सीमेवर बरेच जुने आहेत, आणि ते हौशी वर्गांच्या आधीचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारांना सुधारित चाक, भट्टी व झिलई यांचे प्रशिक्षण देण्याचे काम उभे केले, तर बेळगाव जिल्ह्यातील मराठी वस्तीच्या खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. या संस्थांचा रोख कुंभाराला अधिक चांगले उत्पन्न मिळावे याकडे होता. हौशी वर्ग मात्र ज्याला उत्पन्नाची गरज नाही अशासाठी असतो, आणि या फरकाचा परिणाम चाकावर कोण बसते यावरही दिसतो. परंपरागत कुंभारघरांत बहुतेक ठिकाणी चाक पुरुषांच्या हाती असे आणि माती चाळणे, मळणे, वाळवणे, रंगवणे, विकणे ही कामे स्त्रिया करीत. शहरी वर्गांत चाकासमोर स्त्रिया सहज बसतात. मातीच्या कामात जी बाई पिढ्यान्‌पिढ्या राबली तिला चाक मिळाले नाही आणि शुल्क भरणारीला ते पहिल्या दिवशी मिळाले, ही विसंगती नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

सामुदायिक व्यवस्थेचा खरा आधार भट्टी आहे. एकट्या शिकाऊला ती परवडत नाही, अर्धी रिकामी पेटवली तर वीज किंवा इंधन वाया जाते, आणि पूर्ण भरायची तर अनेकांची भांडी एकाच वेळी तयार असावी लागतात. म्हणून कार्यशाळा भाजणीचे शुल्क भांड्याने व्यापलेल्या जागेवर किंवा वजनावर आकारते आणि भाजणीचे वार ठरवून देते. कुणा एकाचे ओले भांडे आत गेले तर त्याच्या स्फोटाच्या ठिकऱ्या शेजाऱ्याच्या झिलईत रुततात, त्यामुळे भट्टी भरण्याचा अधिकार जाणत्याकडेच ठेवतात. असाच कडक नियम झाडलोटीचा असतो: वाळलेल्या मातीची धूळ कोरड्या झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्यातील सूक्ष्म सिलिका वर्षानुवर्षे फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो.

संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावी असा वर्ग भरवायचा तर इमारतीपेक्षा हंगामाचा विचार आधी करावा लागेल. पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत आणि इंधन दमट असते. चैत्र-वैशाखात उष्ण वारे काठ बुडाच्या आधी सुकवतात व या आकसखोर मातीला तडे जातात. राहिला हिवाळा, पण शिकवणाऱ्या कुंभाराची सवड पाहिली तर तोही सलग मोकळा नसतो: नवरात्राचे घट व दिवाळीच्या पणत्या संपल्या की थोडी उसंत मिळते, पौषात संक्रांतीच्या सुगडांची घाई उडते आणि त्यानंतर उन्हाळ्याच्या बाजारासाठी माठ घडवून ठेवायला तो बसतो. दिवाळीपासून पौषापर्यंतच्या सहा-आठ आठवड्यांत माती ओळखणे, हातघडणी आणि चाकावर मध्य साधणे एवढे आटोपते. पहिली भाजणी सुगडांच्या आव्यात जागा मागून करता येते, आणि त्यात शिकाऊची काही भांडी फुटली तरी कुंभाराचे नुकसान होऊ नये म्हणून ती कडेच्या थरात रचावीत.